घानिमचा सायलेन्सर

१

दुपारची झोप काढून गॅरेज उघडायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आखातातल्या आमच्या सलमाबादमध्ये दुपारी सगळी शटरं खाली असतात, मांजरसुद्धा सावली सोडून हलत नाही. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग झाली की एकेक शटर वर जातं आणि मग रात्र पडेपर्यंत ग्राइंडरचा किरकिराट सुरू. बांग आणि ग्राइंडर यांच्या मधली शांतता मला फार आवडायची. आवडायची म्हणतोय, कारण आता आवडत नाही.

मी गाड्यांचे एक्झॉस्ट, म्हणजे धुराच्या नळ्या, बनवतो. पोरं वेगाच्या गाड्या घेऊन येतात, कंपनीचा सायलेन्सर काढायला लावतात आणि त्याजागी अशी नळी बसवून घेतात की गाडी सुरू झाली की शेजाऱ्याच्या कपाटातले पेले वाजावेत. लोक म्हणतात, बू लुलवा गोंगाट विकतो. म्हणू देत. नळी किती जाड घ्यायची, वाक कुठे द्यायचा, यावर आवाज ठरतो, आणि चार गल्ल्यांपलीकडून गाडी गेली तरी ती माझ्या हातची आहे की नाही हे मला कळतं. बू लुलवा म्हणजे लुलवाचा बाप. मला एकच लेक, म्हणून सगळं सलमाबाद मला तिच्याच नावाने हाक मारतं, आणि ज्यांना मुलगे आहेत ते जरा मिशीत हसतात.

आता गंमत अशी की असल्या आवाजाच्या गाडीला वर्षाचं पासिंग मिळत नाही. म्हणून काढलेला सायलेन्सर कुणी फेकत नाही. आमच्या मागच्या खोलीत भिंतभर जाड खिळे आहेत, त्यांवर ते टांगलेले असतात, प्रत्येकावर खडूने मालकाचं नाव. तपासणीची तारीख आली की पोरगा येतो, आम्ही त्याचा सायलेन्सर चढवतो, गाडी गरीब चेहरा करून तपासणीला जाते, आणि परत आली की पुन्हा उतरवतो. सगळीकडे हेच चालतं. तपासणीवाल्यांनाही ते माहीत आहे, त्यांच्यातल्या एकाचा सायलेन्सर माझ्याच भिंतीवर आहे.

त्या दिवशी मागच्या खोलीत गेलो तर फरशीवर पाणी होतं.

फार नव्हे, पंजाएवढं. थंडीचे दिवस, महिनाभर पावसाचा थेंब नाही. छताकडे पाहिलं, छत कोरडं. मग बघतो तर भिंतीवरच्या एका सायलेन्सरच्या तोंडाशी थेंब लोंबत होता. माझ्या डोळ्यांदेखत तो पडला आणि त्याच्या मागे दुसरा आला.

धंद्यातल्या कुणालाही हे ठाऊक असतं: गार गाडी सुरू केली की नळीतून पाणी टपकतं. पेट्रोल जळताना वाफ होते, ती गार लोखंडाला लागली की पाणी. नवखी गिऱ्हाइकं घाबरून फोन करतात, "बू लुलवा, गाडीतून पाणी येतंय." मी सांगतो, "घाबरू नकोस, गाडी जिवंत आहे एवढंच."

पण त्या सायलेन्सरला गाडीच नव्हती. मी हात लावला. कोमट होता. शेजारच्या दोघांना हात लावला, ते गार.

खडूचं नाव वाचायची गरज नव्हती, पण वाचलं. घानिम.

२

घानिमला जाऊन वर्ष होत आलं होतं.

तो रिफ्फाचा. अॅल्युमिनियमच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला असायचा. इतका उंच, की आपल्या बुटक्या, दोन दारांच्या जपानी कूपेत शिरताना आधी पाय, मग कंबर आणि सगळ्यात शेवटी डोकं, असा तो हप्त्याहप्त्याने आत जायचा. सीट पार मागे ढकललेली. माझा मेहुणा फर्हान त्याला विचारायचा, "अरे, मागच्या सीटवर बसून चालवतोस का गाडी?" फर्हान म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ आणि गॅरेजातला माझा भागीदार. वेल्डिंग त्याचं, जोडणी माझी, आणि तोंड दोघांचंही.

घानिमने सायलेन्सर काढून सरळ नळी टाकायला सांगितली तेव्हा मीच विचारलं होतं, "घरी कोण कोण आहे?"

"आई. बस."

"ती काय म्हणेल या आवाजाला?"

"तिला ऐकूच येणार नाही." तो हसला. "दुपारी मी कामावरून येतो तेव्हा ती झोपलेली असते. ब्लडप्रेशर आहे तिला. मधेच उठली तर संध्याकाळभर डोकं धरून बसते. म्हणून उतारावर भट्टीपाशी आलो ना, की मी चावीच फिरवतो. गाडी बंद. तिथून घरापर्यंत गाडी आपोआप घरंगळते. फक्त टायरखाली खडी वाजते."

रिफ्फाचा तो उतार मला माहीत आहे. कोपऱ्यावर खबूसची, रोट्यांची भट्टी, तिथून रस्ता खाली वळत जातो.

"वेडा आहेस का?" फर्हान म्हणाला. "इंजिन बंद केलं की ब्रेक दगड होतो. स्टिअरिंग फिरत नाही."

"रोज करतो मामू. सवय झालीये."

खोटं नव्हतं ते. कितीतरी महिने त्याने तसंच केलं असेल. मग एका दुपारी उताराच्या तळाशी पाण्याचा टँकर उभा होता. आवाज झाला तो फक्त धडकेचा, असं लोक सांगतात. आई त्या आवाजाने उठली.

मी मातीला गेलो, सांत्वनाला तिन्ही दिवस जाऊन बसलो. गाडी भंगारात गेली. सायलेन्सर भिंतीवर राहिला. त्याच्या आईला काय सांगणार होतो मी? बाई, तुमच्या मुलाची एक वस्तू माझ्याकडे पडून आहे, ती घेऊन जा, तिच्यामुळे गाडी शांत चालते?

३

फर्हानला दाखवलं तर तो आधी माझ्याकडे बघत राहिला.

"दाजी, दुपारी जेवणात काय होतं?"

"हात लाव."

त्याने हात लावला. "ऊन लागलंय."

"या खोलीला खिडकी नाहीये."

"मग पलीकडून." भिंतीच्या पलीकडे एसी दुरुस्तीचं दुकान आहे. "ते लोक दिवसभर कॉम्प्रेसर चालवून बघतात. गरमी इकडे येते, पाणी झिरपतं. त्यात काय एवढं? मीरियम ताईला सांगू का, तुमचा नवरा सायलेन्सरशी बोलायला लागलाय म्हणून?"

मला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं. तरी मी सायलेन्सर उचलून समोरच्या भिंतीवर टांगला, तिच्यामागे फक्त मोकळी गल्ली आहे. एसीवाल्याकडे जाऊन चौकशीही केली. त्याचा कॉम्प्रेसर बिघडून पडला होता, आठवडाभर त्याने काहीच चालवलं नव्हतं. हे मी फर्हानला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी असरनंतर आलो तर नव्या जागेखाली पाणी. सायलेन्सर कोमट. मी नळीच्या तोंडात बोट घालून बाहेर काढलं. वर्षभर पडलेल्या सायलेन्सरमधली काजळी कोरडी असते, भुग्यासारखी झडते. माझ्या बोटाला लागली ती ओली आणि ताजी होती.

सकाळी तो नेहमी गार असायचा. दुपारी, मी घरी झोपलेलो असताना, तो तापायचा. मग हळूहळू मी जेवल्यावर झोपेनासा झालो. एकदा ठरवलं की शटर लावून आतच बसायचं आणि बघायचं. खुर्ची टाकून बसलोसुद्धा. बाहेर सगळं सामसूम झालं, लांबवर एक शटर खाली आल्याचा आवाज झाला आणि मग काही नाही. मी त्या भिंतीकडे बघत बसलो. आणि मग मला असं वाटलं की खोलीतली शांतता जरा जास्तच झाली आहे, जसं कुणीतरी आपल्यासाठी मुद्दाम आवाज न करता थांबलं आहे. मी खुर्ची तशीच टाकून बाहेर आलो. भित्रा म्हणा. मी स्वतःला तेच म्हणत होतो.

४

लुलवा शाळेत गणित शिकवते. शुक्रवारी शर्यतीच्या सर्किटवर सगळ्यांना मोकळा दिवस असला की तिथे पोरांच्या नाकावर टिच्चून गाडी पळवते. गाडी तिने स्वतःच्या पगारावर घेतली आहे, आणि तिचं ते मॉडेल घानिमच्या गाडीचंच. चण मात्र तिची आईसारखी, इवलीशी. सीट पार पुढे ओढून वर पाठीला एक लाल उशी लावते तेव्हा कुठे पाय पोचतात. आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं; गाडीचं उजवं, ड्रायव्हरच्या शेजारचं दार कुणीतरी पार्किंगमध्ये ठोकून गेलं होतं, तेव्हापासून त्याची बिजागरी उघडताना करकरते. दोन मिनिटांचं काम. पण दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या घरची गाडी कधी वेळेवर दुरुस्त होते का?

त्या महिन्यात तिचा साखरपुडा ठरला होता. मुलगा मुहर्रकचा, चांगला शांत. त्याची आई मात्र फार मापून बोलणारी. पहिल्याच भेटीत लुलवाची गाडी गल्लीत शिरली तशी ती कानावर हात ठेवून म्हणाली होती, "विमान आलं का?"

अशात तिच्या पासिंगची तारीख आली. मी पाइप आणायला मनामाला गेलो होतो. परत आलो तर फर्हान हात पुसत उभा.

"लुलवाचं पासिंग झालं. एका झटक्यात. तपासणीवाला म्हणाला, ही गाडी चालू आहे की बंद तेच कळत नाही."

"पण तिचा सायलेन्सर तर आपण त्या हमद टाउनच्या पोराला दिलाय आठ दिवसांसाठी."

"हो ना. म्हणून घानिमचा चढवला. मॉडेल तेच. पासिंग नळीला असतं, नावाला नसतं." माझा चेहरा बघून तो जरा ओशाळला. "मेलेल्याला पासिंग लागत नाही दाजी. तोंड असं काय करताय?"

मला त्याचा राग आला. असा आला की हातातला पाइप मी तिथेच टाकला. पण बोलणार काय? आमच्याकडे सगळेच असं करतात, एकाचा सायलेन्सर दुसऱ्याला. मीही पन्नासदा केलंय.

"काढून टाक," मी म्हणालो.

लुलवा मागून आली. "नका ना बाबा. साखरपुडा होईपर्यंत राहू दे. कशी गुपचूप चालते गाडी. सासूबाईंना वाटेल मुलगी सुधारली." तिने माझ्या दाढीला हात लावला. "मग पुन्हा बिघडेन की."

मी हो म्हणालो. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं, कारण मागच्या खोलीतली फरशी त्या दिवशी कोरडी होती.

५

ईसा टाउनला आमचं घर आहे, फाटकाबाहेर गाडी लावायला मी खडी टाकून घेतली आहे. शनिवारी, सुट्टीचा दुसरा दिवस, लुलवा बाहेर पडली नाही. तिच्या सासरची मंडळी संध्याकाळी यायची होती, सकाळपासून घरात तळणीचा वास. दुपारी सगळे कलंडले. असरच्या नमाजाला निघालो तेव्हा तिच्या गाडीखाली खडी ओली दिसली.

मी वाकून हात लावला. ऊन पडलं होतं, पण मागचा भाग सावलीत होता. हात काढून घ्यावा लागला, इतका गरम.

चावी आत खिळ्याला होती. लुलवा आईशेजारी गाढ झोपलेली. मी नमाजाला गेलो आणि कुठे उभा आहे, कुठे वाकतोय, कशाची शुद्ध नव्हती.

पाहुणे गेल्यावर ती भांडी आवरता आवरता सहज म्हणाली, "बाबा, गाडीचं काहीतरी वायरिंग गेलंय. मधेच बंद पडते."

"मधेच म्हणजे कुठे?"

"शाळेतून येताना. रिफ्फाच्या उतारावर, ती भट्टी आहे ना, तिथे. बुधवारी पडली, गुरुवारी पण पडली. एकदम गप्प. स्टिअरिंग असं जड होतं, बापरे. पण उतार आहे, जाते आपली हळूहळू. खाली गेल्यावर चावी फिरवली की होते चालू."

चेहरा मी भांड्यांच्या दिशेने वळवला. "त्या रस्त्याने यायचंच कशाला? हायवे नाहीये का?"

"हायवेनेच येते," ती म्हणाली, आणि मग तिने हातातली ताटली ठेवली. "म्हणजे, हायवेनेच यायचं असतं. कशी वळते कोण जाणे. डोक्यात सासूबाई असतात ना."

मी टॉर्च घेऊन बॅटरी पाहिली, वायरी पाहिल्या, पंपाचा फ्यूज पाहिला. सगळं चोख. माझी अक्कल मला सांगत होती की इंजिन बंद पडायला कारण लागतं, आणि ते उद्या लिफ्टवर गाडी घेतली की सापडेल. दिवाणखान्यात तेव्हा अजून तिच्या सासूने आणलेल्या मिठाईचं ताट होतं, घरात आनंद होता. अशा वेळी बापाने रात्री खडीवर आडवं पडून सायलेन्सर काढायला घेतला तर काय सांगायचं लोकांना? मी लुलवाला एवढंच म्हणालो, "उद्या शाळा सुटली की थेट गॅरेजवर ये. हायवेने. माझी शपथ आहे."

"बरं बाबा."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली. तिची वेळ झाली, टळली. मी फोन केला. बराच वेळ वाजल्यावर तिने उचलला.

"कुठे आहेस?"

"चहा पितेय," ती म्हणाली. आवाज झोपेतून उठल्यासारखा. "इथल्या बाई फार चांगल्या आहेत बाबा. गाडी बंद पडली ना, ती यांच्या दारातच येऊन थांबली."

६

फर्हानची पिकअप आणि त्यात पान्यांची पेटी. रिफ्फा येईपर्यंत फर्हानने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही.

लुलवाची गाडी दाराला अगदी लागून उभी होती, रोज तिथेच उभी करणाऱ्याने लावावी तशी. मी आत डोकावलो. ड्रायव्हरची सीट पार मागे होती, शेवटच्या खाचेपर्यंत. लाल उशी उजवीकडच्या सीटवर होती आणि तिला पाठीचा खळगा पडला होता.

मी सरळ झालो. फर्हाननेही ते पाहिलं होतं. त्याने माझ्याकडे पाहायचं टाळलं.

आत उम्म घानिम, म्हणजे घानिमची आई, बसल्या होत्या. वर्षात केवढ्या वाळल्या होत्या. लुलवा त्यांच्याजवळ, हातात कप, मला बघून हसली. मला तिला आधी शिव्या द्याव्याशा वाटल्या आणि मग मिठी मारावीशी. मी दोन्ही केलं नाही, तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

"या, बू लुलवा," उम्म घानिम म्हणाल्या. "ही तुमची मुलगी? मला वाटलंच नव्हतं की कुणी उतरेल."

"म्हणजे?"

"रोज येते ना गाडी. झाले की बरेच दिवस. दुपारी, त्याच्या वेळेला." त्या चहाच्या किटलीवरचं फडकं सारखं करत बोलत होत्या. "आवाज नसतो. खडी वाजते, मग थांबते. मग कितीतरी वेळ कुणी उतरत नाही. मी पडदा ओढून पडून राहते. बघत नाही मी. जागी दिसले तर त्याला वाईट वाटतं, केवढं जपत यायचा तो." त्या थांबल्या. "आज मात्र दार वाजलं. करकर करून. म्हणून उठले. बघते तर ही पोर."

करकरणारं दार उजवीकडचं.

"लुलवा," मी विचारलं, "कुठल्या बाजूने उतरलीस तू?"

"कुठल्या म्हणजे? माझ्या. मीच चालवत होते ना." ती हसली आणि मग हसता हसता थांबली. कप तिने खाली ठेवला.

मी बाहेर गेलो आणि गाडीखाली शिरलो. फर्हानने पाने द्यायला सुरुवात केली. गाडी बंद होऊन एव्हाना तासभर झाला असेल, तरी लोखंड असं तापलेलं होतं की हातमोज्यातून चटका बसत होता. रबरी हँगर सोडवताना सायलेन्सर माझ्या छातीवर आला आणि त्याच्या आत काहीतरी हललं. आतली जाळी सुटली असेल. जुन्या सायलेन्सरमध्ये सुटते.

"काढताय?" डोक्याजवळ उम्म घानिमच्या चपला दिसल्या.

"हो बाई."

"मग तो घरी कसा येईल?"

मी त्या गाडीखाली पडल्या पडल्या डोळे मिटून घेतले. रडू आलं मला, लपवत नाही. "बाई," मी म्हणालो, "माझी मुलगी असते हो त्यात."

त्या चपला एक पाऊल मागे सरकल्या. मग त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. घेऊन जा तिला." आणि थोड्या वेळाने, "तो मात्र मला द्या."

एक जुना टॉवेल त्यांनी दारात पसरला. सायलेन्सर त्यावर ठेवला तसा त्यांनी तो चारी बाजूंनी गुंडाळला आणि दोन्ही हातांनी उचलून आत नेला. चटका बसत असणार. तोंडातून त्यांनी आवाज काढला नाही.

सायलेन्सरशिवाय उघड्या नळीची गाडी मी स्वतः चालवत घरी आणली, शेजारी लुलवा. ऐन झोपेच्या वेळी रिफ्फाच्या उतारावरून ती अशी गरजत वर चढली की एकेका खिडकीचा पडदा हलला, एकाने तर बाहेर येऊन हातवारे केले. आयुष्यभर गोंगाट बनवला, पण तो मला इतका गोड कधी लागला नव्हता. लुलवा रस्ताभर माझी बाही धरून बसली होती.

७

साखरपुडा झाला. गाडीवर मी माझ्या हाताने बनवलेली सगळ्यात मोठ्या आवाजाची नळी चढवली. लुलवाच्या सासूने नाक मुरडलं, मग तिलाही सवय झाली. लुलवाकडून मी एक वचन घेतलं: कोपऱ्यापासून फाटकापर्यंत इंजिन चालू पाहिजे, शेजारी काय म्हणायचं ते म्हणोत. रोज दुपारी मी मजलिसमध्ये, बैठकीच्या खोलीत, आडवा होऊन वाट बघायचो. कोपऱ्यावर आवाज यायचा, वाढत वाढत फाटकापाशी यायचा, थांबायचा. डावं, ड्रायव्हरचं दार बंद व्हायचं. मग मला झोप लागायची. उजव्या दाराची बिजागरी दुरुस्त करायची नाही, असं मी फर्हानला सांगून ठेवलं होतं. का, ते त्याने विचारलं नाही.

उन्हाळा लागता लागता उम्म घानिम गेल्या. दुपारी झोपल्या, त्या उठल्याच नाहीत. त्यांच्या बहिणीने घर आवरलं आणि माणसाबरोबर गॅरेजवर एक गाठोडं पाठवलं. तोच टॉवेल. बहिणीचा निरोप होता, ही तुमच्याकडची वस्तू आहे असं ताई म्हणायची, घराला आता कुलूप लावतोय.

मी तो जुन्या खिळ्यावर टांगला. गार होता. दुसऱ्या दिवशी असरनंतर पाहिला, गार आणि कोरडा. त्याच्या पुढच्या दिवशीही. नळीत बोट घातलं तर भुगा झडला.

"बघा," फर्हान म्हणाला. "संपलं. गेला तो आईकडे."

मलाही तसंच वाटलं. मी टॉवेल धुऊन वाळत घातला आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

घरी आलो, बायको आत झोपली होती. मी मजलिसमध्ये पडलो. खिडकीचा पडदा वीतभर उघडा, त्यातून अंगण आणि बंद फाटक दिसत होतं, फाटकाखालच्या फटीत पांढरं ऊन. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कोपऱ्यावर लुलवाची गाडी वळल्याचा आवाज आला, माझ्या हातचा, शंभरात ओळखू येणारा. मी डोळे मिटले.

आणि आवाज बंद झाला.

सिग्नलला बंद पडली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आमच्या गल्लीत सिग्नल नाही. मग खडी वाजायला लागली, हलके हलके, कुणाची झोप मोडू नये अशी. फाटकाखालच्या फटीत टायर आला, थांबला. किती तरी वेळ काही झालं नाही. मी उठून बसलो आणि पडद्याची कड धरली.

उजवं दार करकरलं.

फाटकातला दिंडीदरवाजा उघडून लुलवा आत आली. चालत, नेहमीसारखी, खांद्याला शाळेची पिशवी. माझी लेक, हातीपायी धड. ती दाराकडे गेली नाही, खिडकीशी आली आणि गजांना धरून उभी राहिली. पाहुणा मागे उभा असला की आपण घरच्यांशी बोलताना चेहरा करतो, तसा तिचा चेहरा होता.

"बाबा," ती कुजबुजली, "तुम्ही जागे आहात?"

मी मान हलवली.

"पडदा ओढा ना," ती म्हणाली. "त्याच्या घराला कुलूप आहे. आणि कुणी जागं दिसलं की त्याला वाईट वाटतं."

तिच्या मागे, फटीत, टायरशेजारी खडीवर पाण्याचा एक थेंब पडला. मग दुसरा.

मी पडदा ओढला. तेव्हा बाहेर डावं दार उघडलं.